सुतळीचे दुसरे टोक

श्रावणातल्या एका सकाळी, साडेसहाच्या सुमारास, आमच्या वस्तीतल्या बागेच्या अगदी शेवटच्या दगडी बाकावर मी बसले होते. रात्रभर पाऊस पडून गेला होता, बाक ओला होता म्हणून खाली प्लास्टिकची पिशवी अंथरली होती, आणि फिरायला येणाऱ्यांची वर्दळ अजून सुरू व्हायची होती. तेवढ्यात बागेतले माळी, हातात सुतळीचा गुंडा आणि काखेत लांब दांड्यांची कातर घेऊन, समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, जरा उठता काय जी?" मी उठले. मग ते म्हणाले, "आता उठल्याच आहात तं हे टोक धरा." फरशीत खुंटी ठोकता येत नाही आणि मदतीचा पोरगा त्या दिवशी आलेला नव्हता, ही त्यांची अडचण होती. बाकाच्या बरोबर मध्याखाली फरशीचा जो सांधा होता, त्यावर सुतळीचे टोक अंगठ्याने दाबून मी उकिडवी बसले आणि ते गुंडा सोडत सोडत सरळ फाटकाकडे चालू लागले. वाटेत कारंजे लागते. त्याच्या पितळी तोटीला त्यांनी सुतळीचा एक वेढा दिला आणि पुढे निघाले. सुतळी ताणली गेली तेव्हा माझ्या लक्षात आले की ती कारंज्याशी किंचित मोडते आहे. माझ्याकडून तोटीपर्यंतची रेघ वेगळी आणि तोटीपासून फाटकापर्यंतची वेगळी. मी बसल्या जागेवरून ओरडून सांगितले, "भाऊ, सुतळी वाकडी गेली." ते मागे न वळता म्हणाले, "सुतळी नाही जी वाकडी. फवारा वाकडा आहे."

एवढेच घडले. पण ते वाक्य मला पुढे कित्येक दिवस सुखाने बसू देईना.

या बागेचे नूतनीकरण होऊन दोन वर्षे झाली. त्याआधी ती नागपुरातल्या कुठल्याही जुन्या वस्तीतल्या बागेसारखी होती, म्हणजे कडेने कडुनिंब, मधे उखडलेली हिरवळ, एक घसरगुंडी आणि कोपऱ्यात वाढलेली गाजरगवताची झाडे. आता फाटकावर फलक आहे आणि त्यावर 'रेनेसाँ शैलीतील उद्यान' असे लिहिले आहे. फलक वाचून हसणारे पुष्कळ आहेत, मीही हसले होते, पण ज्याने कोणी आराखडा काढला त्याने अगदीच काही डोळे मिटून काढलेला नाही. फाटकातून निघणारा एक सरळ रस्ता, त्याला मध्यावर काटकोनात छेदणारा दुसरा, छेदाच्या जागी गोल कारंजे, चारही चौकांत गुडघ्याएवढ्या कुंपणांनी आखलेले वाफे, वाफ्यांच्या कोपऱ्यांवर मोरपंखीचे शंकू, आणि मुख्य रस्त्याच्या शेवटी नजर टेकायला बाक व त्यामागे कोनाड्यात घागर घेतलेली एक फायबरची बाई. तिकडच्या बॉक्सवुड या कुंपणाच्या झुडपाऐवजी आपल्याकडचा पिवळा दुरांता आहे आणि संगमरवराऐवजी फायबर आहे, एवढे सोडले तर चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन बागेचे व्याकरण त्यात ओळखू येते. व्याकरण बरोबर आहे. चूक आहे ती एका वीतेची. खड्डा खणताना कडुनिंबाचे मांडीएवढे मूळ लागले, ठेकेदाराच्या माणसांनी ते तोडण्याऐवजी खड्डा वीतभर सरकवला, पाइप टाकला, काँक्रीट ओतले आणि निघून गेले. फाटकातून पाहिले तर कारंजे मध्यरेषेच्या डाव्या अंगाला आहे.

आणि ते दिसत नाही. मी दोन वर्षे रोज सकाळी त्या रस्त्याने चालले आहे, चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, फळ्यावरची सममितीची रेघ सूतभर कलली तरी पुसून पुन्हा काढणारी, आणि मला ते दिसले नव्हते. कारण माळीबुवा दर पंधरा दिवसांनी ते झाकत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुरांत्याचे कुंपण आहे. फाटकाशी दोन्हीकडची जाडी सारखी आहे, पण कारंज्याकडे जाताना उजवे कुंपण आतल्या अंगाने बोट-बोट पुढे येऊ दिलेले आहे आणि डावे तितकेच मागे कापलेले आहे, आणि कारंजे ओलांडल्यावर दोन्ही हळूहळू पुन्हा मूळ जाडीवर येतात. म्हणून सुतळीला तोटीशी वेढा द्यायचा. डोळा रस्त्याची फरशी पाहत नाही, दोन हिरव्या भिंतींमधली मोकळी फट पाहतो, आणि त्या फटीच्या मधोमध कारंजे असते. पावसाळ्यात दुरांता आठवड्यात चार बोटे वाढतो आणि ही सगळी लबाडी पुसून टाकतो, मग पुन्हा सुतळी.

माझ्या विषयात अशा गोष्टीला जागा नव्हती. उत्तर बरोबर आणि रीत चूक, असे मुलाने लिहून आणले की मी गुण कापत असे आणि पालक भांडायला आले तरी देत नसे. इथे रीतच खोटी होती, उत्तर मात्र पाहणाऱ्याला रोज बरोबर येत होते. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला आई आठवली.

महालातल्या आमच्या भाड्याच्या घरी दिवाळीत आई ठिपक्यांची रांगोळी काढायची. तिच्याकडे उदबत्तीने भोके पाडलेला एक जाड कागद होता. गेरूने सारवलेल्या जमिनीवर तो कागद अंथरायचा, वरून रांगोळीची पूड हाताने पसरायची, कागद दोन्ही हातांनी अलगद उचलायचा, की खाली ठिपक्यांच्या ओळी. उदबत्तीचा जळका वास त्या कागदाला वर्षानुवर्षे होता. पण त्यातले एक भोक, उजवीकडून तिसऱ्या ओळीतले, कधीतरी हात हलल्यामुळे जागेवरून सरकून पडले होते, आणि त्यामुळे दर दिवाळीला तो एक ठिपका आपल्या ओळीबाहेर उभा राहायचा. मी दरवर्षी आईला नवा कागद करायला सांगायचे. ती म्हणायची, "रंग भरताना बघू." आणि खरेच, त्या ठिपक्यावरून जाणारी पाकळी ती थोडी फुगवायची, समोरची पाकळीही तितकीच फुगवायची, शेजारच्या पानाची कड जाड करायची, आणि संध्याकाळी पणत्या लागल्यावर दारातून येणाऱ्या कुणालाही ते फूल नेटके दिसायचे. मी मात्र दुसऱ्या दिवशी, विस्कटण्याच्या आधी, त्या ठिपक्यावर बोट ठेवून खात्री करून घ्यायचे की तो चुकलेलाच आहे. गणिताची मास्तरीण होण्याची लक्षणे तेव्हापासूनच असावीत.

त्या युरोपीय बागांतले वाफे ज्याला पार्तेर म्हणतात, ती एका अर्थी झाडांनी काढलेली रांगोळीच आहे. तीही वरून पाहायची असते. बागेत चालणाऱ्याला गुडघ्याएवढी कुंपणे आणि खडी एवढेच दिसते. आकृती उमटते ती वाड्याच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून, वरच्या गच्चीवरून. मुलाने निवृत्तीनंतर आम्हा दोघांना आठ दिवसांच्या सहलीला इटलीला पाठवले होते, तेव्हा हे मला पायाने कळले. फ्लॉरेन्समधल्या बोबोली बागेत आम्ही दोन तास चढत होतो, यांचे गुडघे बोलू लागले होते, आणि जवळून बघताना ती कुंपणे मला आपल्या मेंदीच्या कुंपणापेक्षा काही वेगळी वाटली नाहीत. उन्हात तापलेल्या बॉक्सवुडला एक कडवट, मांजराने जागा खराब केल्यासारखा वास येतो, हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. वर पोहोचून मागे वळून पाहिले तेव्हा मात्र खालचे अर्धवर्तुळाकार रंगमंडल, त्यातला मिसर देशातून आणलेला स्तंभ, ग्रॅनाइटची प्रचंड कुंडी आणि त्यामागे पिट्टी राजवाड्याची भिंत हे सगळे एका रेघेत येऊन उभे राहिले, आणि पाच सेकंद का होईना मला आपण या बागेच्या मालकीण आहोत असे वाटले. ते वाटावे म्हणूनच ती रेघ ओढलेली असते. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याने तो वाडा १५४९ साली घेतला. सर्वसामान्यांना बागेत शिरायला १७६६ साल उजाडले. दोनशे वर्षे ती पाच सेकंदे मोजक्याच लोकांची होती.

वर्गात सममितीचा अक्ष शिकवताना विद्यार्थी कुठल्या बाकावर बसला आहे याचा प्रश्न येत नाही. बागेत पहिला प्रश्न तोच असतो.

रोममध्ये व्हॅटिकनच्या संग्रहालयात आम्हाला गाइडने नेहमीप्रमाणे सिस्टाइन चॅपेलच्या दिशेने हाकलत नेले. वाटेत एका प्रशस्त चौकात दहा मिनिटे थांबलो. तिथे एका भव्य कोनाड्यासमोर माणसाहून कितीतरी उंच असे पितळी रंगाचे पाइनचे फळ ठेवलेले आहे, त्यासमोर सगळे फोटो काढत होते, आम्हीही काढला. तो कोनाडा कशासाठी आहे हे मला परत आल्यावर, माळीबुवांच्या त्या वाक्याने बेचैन होऊन पुस्तके धुंडाळताना कळले. पोप दुसऱ्या ज्युलियसने १५०५च्या सुमारास ब्रामांते या वास्तुकाराला काम दिले की आपला राजवाडा आणि टेकडीवरचा जुना बेल्वेडेर बंगला यांना जोडणारे काहीतरी बांध. अंतर सुमारे तीनशे मीटर, मधे चढ. ब्रामांतेने तो चढ तीन पायऱ्यांसारख्या टप्प्यांत कापला, टप्पे जिन्यांनी जोडले, दोन्ही बाजूंना लांबच लांब सज्जे ओढले आणि मधून एक सरळ अक्ष सोडला, जो पोपच्या खोल्यांतून पाहिला तर चित्रासारखा दिसेल. पुढच्या शंभर वर्षांत युरोपातल्या बागांनी जे टप्पे, जे जिने आणि जो मध्यरेषेचा हट्ट उचलला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या चौकात आहे. फक्त अडचण अशी होती की टेकडीवरचा जुना बंगला या रेघेला काटकोनात नव्हताच. तो आधी बांधलेला होता आणि तिरका होता. पोपचा बंगला पाडता येत नाही आणि तीनशे मीटरांची रेघ वाकवता येत नाही. मग ब्रामांतेने रेघेच्या शेवटी एक अर्धगोल भिंत उभी केली, तिच्यापुढे अर्ध्या बाहेर फुगलेल्या आणि अर्ध्या आत वळलेल्या गोल पायऱ्या ठेवल्या, आणि त्या भिंतीमागे बंगल्याचा तिरकेपणा झाकून टाकला. नजर त्या गोलाईवर जाऊन टेकते आणि समाधानाने परत येते. त्यामागे काय कोनात उभे आहे हे तिला विचारावेसे वाटत नाही.

हे वाचले त्या संध्याकाळी मी उगीचच बागेत गेले. माळीबुवा घरी गेलेले होते. मी कुंपणांमधून वाकून वाकून कापाच्या खुणा पाहत बसले आणि शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी काही हरवले का म्हणून विचारले.

त्या शैलीतल्या बागांबद्दल जेवढे वाचत गेले तेवढी आमच्या बागेतली एक उणीव मला जास्त टोचू लागली, आणि ती वीतेची नव्हती. आराखडा काढणाऱ्याने अक्ष घेतला, वाफे घेतले, शंकू घेतले, पुतळा घेतला, आणि दोन गोष्टी तिकडेच ठेवून दिल्या. एक पाणी आणि दुसरी सावली. रोमपासून जवळच तिवोलीला कार्डिनल इप्पोलितो देस्ते याची बाग आहे, तिथे आम्ही अर्धा दिवस होतो. जुन्या मठाची इमारत, खाली तुटलेला उतार, आणि त्या उतारावर नदीचे पाणी बोगद्यातून आणून सोडलेले. शंभर कारंज्यांची एक अख्खी भिंत आहे, तिच्यावर शेवाळ इतके माजले आहे की दगडातले चेहरे त्यातून जेमतेम डोकावतात. या सगळ्याला एकही पंप नाही, पाणी वरून येते म्हणून उडते, जेवढा उतार तेवढी उसळी. तिथे उभे राहिल्यावर कानात दुसरे काही शिरत नाही आणि दंडावर बारीक तुषार बसतात. आमच्या कारंज्याला दोन अश्वशक्तीची मोटार आहे आणि ती १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि कुणी मोठा माणूस येणार असेल त्या दिवशी चालते. एरवी त्या गोल टाक्यात पावसाचे पाणी, कुरकुऱ्यांची पाकिटे आणि डासांच्या अळ्या असतात. कारंजे मधोमध आहे की नाही यापेक्षा ते चालत का नाही, हा खरा प्रश्न आहे, असे यांचे मत पडले आणि मला त्यावर उत्तर देता आले नाही.

तिवोलीची आणखी एक गंमत अशी की आज पर्यटक वरून, वाड्यातून, शिरतात आणि खाली उतरतात. मूळची वाट उलटी होती. पाहुणा खालच्या फाटकातून यायचा, सगळी बाग त्याच्या डोक्यावर रचलेली असायची, आणि चढता चढता एकेक कारंजे पार करत तो शेवटी यजमानाच्या दारात दमून पोहोचायचा. म्हणजे आम्ही ती बाग शेवटच्या पानापासून वाचली. १५७३ साली दुपेराक नावाच्या कोरीवकाराने या बागेचे एक प्रसिद्ध चित्र काढले, त्यात ती टाचणीसारखी नेटकी दिसते आणि प्रत्यक्षात कधी न बांधलेले एक कारंजेही त्यात दिसते. हे चित्र मला फार जवळचे वाटले, कारण आमच्या फाटकावरच्या फलकावर जो रंगीत आराखडा लावला आहे त्यातही एक लहान मुलांचे तळे आहे, जे कुठेच नाही.

सावलीचे मात्र मला माफ करता येत नाही. इटलीतही उन्हाळा कडक असतो, आणि म्हणूनच त्या बागा करणाऱ्यांनी वाफ्यांच्या शेजारी किंवा मागे बॉस्को ठेवला, म्हणजे मुद्दाम राखलेले गर्द रान, जिथे रेघा संपतात आणि ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. वाफे बघण्यासाठी आणि रान बसण्यासाठी, अशी सरळ वाटणी होती. इटलीतल्याच बान्याइया गावच्या व्हिला लांते या बागेमध्ये, जी मी पाहिलेली नाही आणि आता बहुधा पाहणारही नाही, कार्डिनल गांबाराने झाडांच्या सावलीत एक लांबलचक दगडी मेज बसवले आहे आणि त्याच्या मधोमध पाण्याचा पाट खोदला आहे. जेवताना फळे आणि मद्य त्या वाहत्या पाण्यात गार ठेवायचे. त्याच बागेत घरसुद्धा मधल्या रेघेतून बाजूला झाले आहे. एका वाड्याऐवजी दोन जुळे छोटे बंगले, आणि त्यांच्या मधून रेघ, रेघेवर पाणी. सगळ्या बागांत ही मला सर्वांत शहाणी वाटते. वाळ्याचे पडदे, कूलरचा घरघराट आणि अंगणात वाळूवर ठेवलेला माठ यांच्यात वाढलेल्या नागपुरी माणसाला त्या मेजाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मे महिन्यात आमच्या या सममितीची काय दशा होते ते पाहण्यासारखे असते. पारा शेहेचाळिसाला टेकलेला, फरशीतून वाफ निघते आहे, दुरांत्याची पाने कडेने भाजून तपकिरी झालेली, मोरपंखीचा एक शंकू एका बाजूने वाळून अर्धा उभा. अकरा ते सहा त्या चौकात कुत्रेही फिरकत नाही. आणि त्याच वेळी मागच्या भिंतीलगत, जिथे नूतनीकरणाचे पैसे पोहोचले नाहीत, तिथे कडुनिंबांच्या ओळीखाली रिक्षावाले, सिलिंडर पोहोचवणारी पोरे, कॉलेजातली जोडपी आणि पत्ते कुटणारे चार म्हातारे अशी सगळी वस्ती पसरलेली असते. निंबोळ्यांचा सडा, त्यांचा तो गोडसर-कडू वास, आणि मुंग्या. आमचा बॉस्को तोच, आराखड्यात नसलेला. मुळाने कारंजे वीतभर हटवले ते झाडही त्याच ओळीतले, पुढे निघालेले एकटे.

फाटकावर फलकाशेजारी आणखी एक पाटी आहे. फुले तोडू नये, हिरवळीवर चालू नये, खाद्यपदार्थ आणू नये, खेळू नये, झोपू नये. रोममधल्या व्हिला बोर्गेझे या बागेत पूर्वी लॅटिनमध्ये कोरलेली एक पाटी होती, तिचा आशय असा की मी या बागेचा राखणदार जाहीर करतो, तू कुणीही अस, इथे कायद्याच्या बेड्यांना भिऊ नकोस, हवे तिथे जा, हवे ते माग, हवे तेव्हा निघ. धनवंताने दिलेले औदार्य आणि करातून केलेली बाग यांची तुलना होऊ शकत नाही हे मला कळते. तरी आमच्या बागेत ईशान्येच्या कोपऱ्यातून नळाकडे जाणारी एक तिरकी पायवाट वाफ्याच्या मधून पडली आहे, दोनदा बाभळीच्या फांद्या टाकून ती बंद केली आणि दोनदा फांद्या बाजूला झाल्या, तेव्हा मला त्या लॅटिन पाटीची आठवण होते. पाण्याची बाटली भरायला निघालेला माणूस काटकोनात चालत नाही. तिसऱ्या वेळी माळीबुवांनी फांद्या टाकल्याच नाहीत. पायवाटेच्या दोन्ही टोकांना त्यांनी कुंपण गोल वळवून घेतले, आणि आता ती मुद्दाम ठेवल्यासारखी दिसते. उरलेल्या तीन वाफ्यांत तशी वाट नाही, त्यामुळे चौकोनाची सममिती गेली ती गेलीच. मी विचारले तर म्हणाले, "लोकं चालूनच राहिले, मंग वाटच करून टाकली."

पाटीवरून नावांचा विषय निघतो. फाटकावर कोनशिला आहे, तिच्यावर सात नावे आहेत. बागेच्या मधल्या वाफ्यात लाल पानांच्या झाडांनी प्रभागाचा आकडा काढलेला आहे, त्याच्या बाजूला एक आडनाव काढले होते पण निवडणुकीनंतर ते वाढू दिले गेले. हेही काही आपले नवे नाही. पंधराव्या शतकात आल्बेर्ती या इटालियन वास्तुकाराने वास्तुशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात जुन्या माळ्यांच्या एका रिवाजाचे कौतुक केले आहे, की ते धन्याला खूश करण्यासाठी झाडांनी जमिनीवर त्याचे नाव लिहीत. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या तोस्कानातल्या घराचे वर्णन करणाऱ्या पत्रात लिहिले आहे की बॉक्सवुड कापून हजार आकार केलेले आहेत, काही ठिकाणी अक्षरेही आहेत, आणि ती अक्षरे कधी मालकाचे नाव सांगतात, कधी कारागिराचे. कारागिराचे, म्हणजे ज्याने कापले त्याचे. आज जगभर या कापीव झाडांना टोपिअरी म्हणतात, तो शब्दही लॅटिनमधल्या माळ्याच्या हुद्द्यावरून आलेला आहे. प्लिनीच्या बागेत माळ्याला स्वतःचे नाव झाडात लिहिता येत होते, ही गोष्ट मी आमच्या माळीबुवांना सांगितली. ते कातरीला तेल देत होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "पंधरा दिवसांत वाढून जाते जी. मंग आपलंच नाव आपणच कापत बसा."

त्यांना ही नजर कुठून आली, हे मी विचारलेच. काटोलकडचे आहेत, संत्र्याच्या बागेत वाढलेले. तेव्हा मला कळले. माझ्या मामांची काटोल तालुक्यात बाग होती, आणि लहानपणी नवी लावणी पाहिली आहे. दोर, खुंट्या, फक्कीच्या खुणा, सहा-सहा मीटरांवर खड्डा, आणि प्रत्येक खड्ड्यापाशी उभे राहून मामा एक डोळा मिटून तिन्ही दिशांना बघायचे. आडवी ओळ, उभी ओळ आणि तिरकी ओळ, तिन्ही जुळल्या तरच रोप लागायचे. रोमन लोकही झाडे अशीच ओळीत लावत आणि कुठूनही पाहिले तरी रांगा सरळ दिसाव्यात यात धन्यता मानत. काटोलच्या बसमध्ये खिडकीशी बसले की संत्र्याच्या रांगा पंख्यासारख्या उघडत आणि मिटत जातात, एक रांग पुरती सरळ दिसते न दिसते तोच दुसरी उघडते, आणि लहानपणी मला वाटायचे की झाडेच वळून आपल्याकडे बघत आहेत. तिथे बाकही नाही, खिडकीही नाही, पाहणाऱ्याची ठरलेली जागाच नाही. बस जिथे असेल तिथे एक रांग सरळ असतेच. फ्लॉरेन्सजवळ मेदिचींच्या कास्तेल्लोच्या बागेत लिंबू-संत्र्यांची झाडे मातीच्या मोठ्या कुंड्यांतून वाढवतात आणि थंडी आली की एकेक कुंडी उचलून आत नेतात, हे मी माळीबुवांना सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. आपण उन्हाळ्यात कुंड्या हिरव्या जाळीखाली नेतो तसेच, असे म्हटल्यावर वाटले.

यंदा मृग कोरडाच गेला आणि पहिला नेटका पाऊस जुलैत झाला. दहा दिवसांत दुरांता असा उसळला की कारंजे उघडे पडले, म्हणजे फाटकातून शिरताच पहिल्यांदा मला ते डावीकडे सरकलेले दिसले आणि एखाद्या ओळखीच्या माणसाचा खोटा दात दिसावा तसे झाले. पुढच्या सकाळी माळीबुवा सुतळी घेऊन आले. मी सवयीने उठले आणि टोकासाठी हात पुढे केला, पण या वेळी त्यांनी ते पलीकडे उठाबशा काढणाऱ्या एका शाळकरी पोराच्या हातात दिले आणि मला म्हणाले, "तुम्ही फाटकात जा, मॅडम. मले इथून दिसत नाही." मी फाटकात जाऊन, दोन्ही खांबांच्या मधोमध, फरशीवरच्या सांध्यावर पाय जुळवून उभी राहिले. दुरून कातरीचा कचकच आवाज येत होता, ओल्या पानांचा हिरवा वास येत होता, आणि उजवी भिंत किंचित पुढे आणि डावी किंचित मागे अशी ती फट हळूहळू पुन्हा तयार होत होती. मध्ये त्यांनी मान वर करून विचारले, "झालं काय?" मी एक डोळा मिटला. कारंजे मधोमध यायला अजून थोडे बाकी होते.

"डावीकडून अजून दोन बोटं," मी ओरडले.